वारा बाहेरच अडवायचा

माझी शीर सापडत नाही, ही गोष्ट कर्वेनगरातल्या चार लॅबमध्ये प्रसिद्ध आहे. वय बहात्तर, पंचवीस वर्षांचा मधुमेह आणि पाटबंधारे खात्यात कालवे मोजत उन्हात घालवलेली उमेदीची वर्षं. हातात ज्या काही शिरा होत्या त्या बहुधा तिकडेच कुठेतरी राहिल्या. दर महिन्याला उपाशीपोटी रक्त द्यावं लागतं. पूर्वी दर महिन्याला कोणीतरी नवा माणूस यायचा, तीनदा टोचायचा आणि वर मलाच विचारायचा की काका, पाणी कमी पिता का. मग पूर्णिमा रामटेके यायला लागली. चार वर्षांत तिने मला दुसऱ्यांदा म्हणून टोचलं नव्हतं.

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे, हे तिचं काम. मूळची भंडारा जिल्ह्यातली, साकोलीजवळच्या खेड्यातली. नागपूरला लॅबचा डिप्लोमा केला आणि सोळा वर्षांपूर्वी पुण्यात आली. नवरा रतन चाकणच्या कारखान्यात आहे. त्याला न्यायला कारखान्याची बस यायला लागली तशी त्याची मोटरसायकल हिच्याकडे आली. बायकांनी स्कूटर चालवावी असं पुण्यातल्या प्रत्येक माणसाचं मत असतं आणि ते न विचारता मिळतं. हिला ते इतक्यांदा मिळालं की तिने उत्तर ठरवूनच टाकलं होतं: "गिअर बदलता येतात मला."

ती हिवाळ्यात पहिल्यांदा आमच्याकडे आली तो दिवस मला आठवतो. सकाळचे सहा. दार उघडलं तर दारात हेल्मेट घातलेलं एक गाठोडं उभं. आत येऊन तिने एकेक कपडा उतरवायला सुरुवात केली आणि आमच्या सोफ्यावर ढीग वाढत गेला. विजयमाला, म्हणजे माझी पत्नी, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिने अगदी शांतपणे विचारलं, "शेवटी रक्त काढायला कोणी उरणार आहे ना?"

पूर्णिमा हसली, पण तिचा हात थांबला नाही. सगळ्यात आत सुती, घाम टिपायला. त्यावर थर्मल. त्यावर रतनचा जुना फ्लॅनेलचा शर्ट. मग छातीवर वर्तमानपत्राची घडी घातलेली दोन पानं, त्यावर हातविणीचा बिनबाह्यांचा स्वेटर, आणि सगळ्यात वर विंडचीटर, गळ्यापर्यंत बंद. पायात मोजे, मोज्यांवर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या आणि मग बूट. हातात पातळ सुती मोजे आणि त्यांवर भांडी घासायचे नारिंगी रबरी हातमोजे, दोन मापं मोठे. हे सगळं तिला वडिलांनी शिकवलेलं; आडनावही तिने लग्नानंतर त्यांचंच ठेवलेलं. कोंडीराम रामटेके वीज मंडळात लाइनमन होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जंगलातून सायकल मारत जायचे. त्यांचं म्हणणं असं की ऊब अंगातच असते, कपड्याने ती नुसती राखायची. आणि वारा बाहेरच अडवायचा. तो एकदा आत शिरला की मग चार स्वेटर घाला नाहीतर दहा घाला, पालथ्या घड्यावर पाणी.

सोसायटीतल्या लोकांना तिची फार करमणूक वाटायची. "हिमालयात निघालात का?" असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तिला विचारलं होतं. ते स्वतः त्या वेळी शाल, मफलर आणि कानटोपी घालून दुधाची पिशवी घ्यायला गेटपर्यंत आले होते. तिने त्यांना सांगितलं की नऊ अंश हा आकडा घराच्या खिडकीतून वेगळा दिसतो आणि पहाटे साडेपाचला राजाराम पुलावर चाळीसच्या वेगात वेगळा लागतो. एकदा मागे बसून या, मग बोलू. ते काही गेले नाहीत.

पण हा नुसता तिच्या सुखाचा प्रश्न नव्हता, आणि हे मला तिनेच समजावलं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याची शीर डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांना लागते. अंग गारठलं की शरीर पोटाची आणि काळजाची काळजी घेतं आणि बोटांना वाऱ्यावर सोडतं. बोटं बधिर झाली की सुई म्हणजे अंदाजपंचे. म्हणून तिची ती सगळी गाठोडी, ते पेपर आणि त्या दुधाच्या पिशव्या शेवटी दोन बोटांसाठी होत्या. उजव्या हाताची पहिली दोन बोटं. ती शाबूत तर तिची विद्या शाबूत.

यंदा ऑक्टोबरात तिच्या कंपनीने नवं जॅकेट काढलं. निळं, चकचकीत, पाठीवर भलंमोठं नाव आणि घाम येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना जाळी. जाळी! नदीकाठच्या धुक्यातून जाणाऱ्या माणसाला जाळी. आणि नियम असा की कंपनीचं जॅकेट सगळ्यात वर हवं, चेन गळ्यापर्यंत बंद हवी, चेहऱ्यावर स्कार्फ नको, हातात दुसऱ्या रंगाचे मोजे नकोत. प्रत्येक घरी निघण्याआधी मोटरसायकलवर बसून स्वतःचा फोटो काढायचा आणि कर्मचाऱ्यांच्या ग्रूपवर टाकायचा. नियम मोडला की नावापुढे लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की दुसऱ्या दिवशी काम नाही.

पूर्णिमा काही आततायी बाई नाही. तिने रीतसर मार्ग काढला होता. दोन मापं मोठं जॅकेट द्या, मी आतून माझे सगळे थर घालते आणि वरून तुमचं नाव मिरवते, असं तिने कळवलं. उत्तर आलं की ढगळ दिसतं, अंगाच्या मापाचंच मिळेल. अंगाचं माप त्यांनी मे महिन्यात घेतलं होतं, सगळे जण घामाने निथळत एका सुती कुडत्यावर उभे असताना. त्या मापात एक थर्मल कसाबसा मावायचा. तिने महिनाभर विंडचीटरच वर घातला आणि लाल खुणा घेतल्या. नोव्हेंबरात तिची पाच दिवसांची कामं गेली. मग डिसेंबरात एका मंगळवारी तिने नमतं घेतलं.

त्या मंगळवारी ती आमच्याकडे आली तेव्हा उतरवायला काही नव्हतंच. ओठ पांढरे पडलेले. विजयमालाने गरम पाण्याचं भांडं तिच्या हातात दिलं, पण तिला पुढे अजून पाच घरं होती. मिनिटभर हात शेकून ती कामाला लागली. पहिली सुई चुकली. दुसरीही चुकली. तिसऱ्यांदा रक्त आलं. माझा दंड संध्याकाळपर्यंत जांभळा झाला, त्याचं मला काही नाही. पण दुसऱ्या सुईनंतर तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत जी शरम होती ती मला बघवली नाही. चूक कोणाची आणि मान कोण खाली घालतंय, असा मला संताप आला.

संताप आला की पुणेकर काय करतो? पत्र लिहितो. मी निवृत्त झाल्यापासून महापालिकेला, वीज कंपनीला आणि दोन बँकांना मिळून जवळपास दोनशे पत्रं लिहिली आहेत, मुद्देसूद, क्रमांक घालून, प्रत माहितीसाठी इतरांना. त्या दिवशीही बसलो आणि सात मुद्द्यांचं पत्र तयार केलं. मुद्दा एक, वाऱ्याचा वेग आणि जाणवणारं तापमान. मुद्दा दोन, जाळी. असं करत करत मुद्दा सहा, जॅकेटाचं माप मे महिन्यात घेण्यातला मूर्खपणा. पुरावा म्हणून मुद्दा सात, या सगळ्याचा परिणाम होऊन मला तीनदा टोचावं लागलं. पत्र झकास झालं होतं. विजयमालाने वाचून विचारलं, "हे वाचणार कोण?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

कंपनीला पत्र पाठवायला पत्ताच नव्हता. तक्रार फोनवरच्या ॲपमधून करायची. त्यात एक यादी होती आणि तिच्यातून एक गोष्ट निवडायची: माणूस उशिरा आला, उद्धट बोलला, सुई एकाहून जास्त वेळा टोचली, अहवाल उशिरा मिळाला. जॅकेट पातळ आहे, असा पर्याय नव्हता. आता मी पडलो अचूकतेचा भोक्ता. खोटं काही निवडणार नाही. सुई एकाहून जास्त वेळा टोचली हे सत्य होतं, म्हणून ते निवडलं आणि खालच्या चौकटीत माझं सातही मुद्द्यांचं पत्र चिकटवलं. चौकटीने मुद्दा एकच्या मध्यावर ते तोडलं. मला वाटलं, असू दे, मथितार्थ पोचेल. मोठ्या समाधानाने झोपलो.

साखर वाढलेली निघाल्याने काही दिवस दर आठवड्याला तपासणी करायची होती. पुढच्याच खेपेला दारात भलतीच बाई उभी. मी पूर्णिमाला फोन लावला. तिने सांगितलं की तिला कामावरून थांबवलंय आणि शुक्रवारी सकाळी खराडीच्या ऑफिसात बोलावलंय. मी कारण विचारलं.

"कौशल्य कमी असल्याची तक्रार आली आहे, काका. तुमच्या नावावर आहे."

चाळीस वर्षं कालव्यांची गणितं केली, कधी थेंबाचा हिशेब चुकला नाही, आणि इथे एका बाईची सोळा वर्षांची अब्रू मी एका बोटाने घालवली होती. मला माझी, माझ्या मुद्द्यांची आणि त्या दोनशे पत्रांची लाज वाटली. मी म्हणालो, मी येतो शुक्रवारी. तिने विचारलं, कशाला, अजून एक पत्र द्यायला? हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तरी मी हट्ट सोडला नाही, आणि तिनेही शेवटी फार ताणलं नाही.

शुक्रवारी साडेसहाला ती गेटपाशी आली, पाचही थर घालून. मला तिने आधी वर नेलं आणि सगळे कपडे तपासले. शाल काढायला लावली, कारण फडफडणारं काही गाडीच्या चेनमध्ये अडकलं की दोघंही आडवे. शर्टाच्या आत पेपर घातला. विजयमालाने कालचा दिला, आजचा तिचा वाचायचा होता. म्हात्रे पूल, बंडगार्डन, नगर रोड, असे आम्ही तासाभरात खराडीला पोचलो. नदी ओलांडताना वारा तोंडावर आला तो मी आजवर फक्त बातम्यांत ऐकलेला होता. छाती मात्र गरम होती. लाइनमन कोंडीराम रामटेके यांच्याविषयी मला त्या पुलावर जो आदर वाटला तो खात्यातल्या एकाही अधीक्षक अभियंत्याविषयी वाटला नव्हता.

ऑफिस काचेचं होतं आणि डिसेंबरात आत एसी चालू होता. समोर शुभंकर नावाचा मुलगा, अठ्ठावीसेक वर्षांचा, घरोघरी जाणाऱ्या सगळ्या माणसांवरचा अधिकारी. उद्धट अजिबात नव्हता, हेच वाईट. उद्धट माणसाशी भांडायला सोपं जातं. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला आणि सांगितलं की काका, तुमचा फीडबॅक आम्ही खूप सिरियसली घेतला आहे. मी म्हटलं, वाचला का? तो म्हणाला की सिस्टिम चौकटीतलं वाचत नाही, निवडलेला पर्याय तेवढा मोजते. मी खिशातून पत्राची छापील प्रत काढली. पूर्णिमाने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मी गप्प बसलो. सात मुद्दे खिशात परत गेले.

शुभंकरने तिच्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर लिहिलेलं होतं की सुई चुकण्याचं कारण माझ्या कौशल्यातली कमतरता हे आहे, मी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेईन आणि गणवेशाचे नियम पाळीन. सही केली की सोमवारपासून काम सुरू. तिने कागद सावकाश वाचला. मग विचारलं की प्रशिक्षण कोण देणार. त्याने एक नाव सांगितलं. ती म्हणाली, तिला सुई धरायला मीच शिकवलं.

शुभंकर थोडा ओशाळला. त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. मला त्याची कीव आली, कारण तो खरोखरच मदत करत होता.

"मॅम, मला कळतंय सगळं. असं करू, तुम्हाला एकटीला दोन साइझ मोठं जॅकेट देतो, मी मॅनेज करतो. फक्त इथे साइन करा आणि ग्रूपवर कोणाला बोलू नका. प्लीज."

खरं सांगतो, मला वाटलं घ्यावं तिने. मुलगी निकिता दहावीला, रतनच्या कारखान्यात कपात चाललेली, हे सगळं मला ठाऊक होतं. जे ती ऑक्टोबरपासून मागत होती तेच तो देत होता. तिचे हात गरम राहणार होते, माझं पाप धुतलं जाणार होतं. मी तिच्याकडे बघून मान हलवलीसुद्धा.

"बेचाळीस जण आहोत जी आम्ही," ती म्हणाली. "त्यातल्या एकोणतीस बाया. पहाटे सगळ्यांचीच बोटं मरतात. मला एकटीला मोठं जॅकेट म्हणजे बाकीच्यांना कौशल्य नाही, असंच ना?"

तिने त्याच्याच टेबलावरचं पेन उचललं, कागदावरच्या पहिल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: माझे हात गारठले होते. जॅकेट पातळ आहे. वारा आत येतो. कृपया सर्वांना मोठ्या मापाचं द्यावं. खाली नाव, तारीख आणि सही. सात मुद्द्यांत मला जे सांगता आलं नव्हतं ते तिने चार ओळींत सांगितलं.

शुभंकर म्हणाला की असा कागद त्याला पुढे पाठवता येणार नाही, आणि नाही पाठवला तर तिचं नाव आजच यादीतून जाईल. तिने फोनवर त्या कागदाचा फोटो काढला. मग पिशवीतून निळं जॅकेट काढलं, बाह्या आत मोडून नीट घडी घातली आणि त्याच्यासमोर ठेवलं. ती म्हणाली, "मी सही केलेली आहे. ती तुम्हाला चालत नाही, एवढंच." आणि उठली.

खाली पार्किंगमध्ये तिने पुन्हा विंडचीटर चढवला. भीती वाटते का, असं मी विचारलं, मूर्खासारखं. वाटते ना जी, ती म्हणाली, रात्री झोप नाही लागायची आता. माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला तो तिने अर्ध्यावरच तोडला. म्हणाली, तुम्ही नसतं निवडलं तर दुसऱ्या कोणी तरी निवडलं असतं. यादीत होतंच ते. मग तिने ग्रूपवर तो फोटो टाकला, एक शब्दही न लिहिता, आणि किक मारली.

मंगळवारी सहाला आमची बेल वाजली. कर्वेनगरातल्याच एका लहान लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवून घेतलं होतं. कामं निम्मी, पण अंगावर काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. विजयमालाने सोफा आधीच मोकळा करून ठेवला होता. एका सुईत काम झालं. कापूस दाबून धरत मी विचारलं की कंपनीचं काय. तिने फोन माझ्यापुढे धरला. तिला ग्रूपमधून काढायचं ते लोक विसरले होते. त्या पहाटेचे फोटो होते, मोटरसायकलींवर आणि स्कूटरींवर बसून काढलेले. बहुतेक सगळे निळे; कालपर्यंत तर सगळेच निळे होते, ती म्हणाली. पण मध्येच एकीने निळ्यावर नवऱ्याचं जर्किन चढवलेलं. एकाने माकडटोपी घातलेली. एकीने चक्क दोन स्वेटर, स्कार्फ आणि त्यावर रेनकोट, आणि खाली कंपनीची लाल खूण. नियम मोडणारे मी मोजले. नऊ.

बेचाळीसांत नऊ. मी आयुष्यभर टक्केवारी काढत आलो, त्यामुळे माझा चेहरा पडला असणार. नऊच, मी म्हणालो.

पूर्णिमा रबरी हातमोजे चढवत होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आज पहिलाच दिवस आहे, काका. थंडी अजून वाढायची आहे."